पगार नेमका कुणाच्या खिशातून येतो?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की विद्यापीठातला पैसा आटला की आधी माणसं कमी होतात, मग झेरॉक्सचे कागद आणि सगळ्यात शेवटी गाड्या. झालं, त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलावे लागले. शिव्याही आल्यात, त्यातली एक शेवटी घेतलीय. काही पत्रं लांबलचक होती, ती कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : सर, मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात अकरा वर्षांपासून आहे, एजन्सीमार्फत. आम्हा बऱ्याच जणांना तोंडी सांगितलं की एक तारखेपासून येऊ नका, स्वनिधीत पैसे नाहीत. आम्ही गेटवर धरणं धरलंय. आतले साहेब म्हणतात शासनाकडं जा, शासनाचे लोक म्हणतात हा विद्यापीठाचा अंतर्गत विषय. आम्ही बसावं कुणाच्या दारात? नाव-गाव छापू नका.

नाही छापत भाऊ. आणि तुमचा प्रश्न इतका बरोबर आहे ना, की पंधरा दिवस धरणं धरून बसलेल्या कितीतरी लोकांना तो पडतच नाही, ते सावली जिथं आहे तिथं मांडव टाकतात.

विद्यापीठाला दोन खिसे असतात. एक शासनाचा. मंजूर पदावरचा प्राध्यापक असो, क्लार्क असो की शिपाई, त्याचा पगार शासनाच्या वेतन अनुदानातून येतो. दुसरा खिसा विद्यापीठाचा स्वतःचा, त्याला स्वनिधी म्हणतात. त्यात परीक्षा फी येते, कॉलेजांकडून संलग्नीकरणाची फी येते, पात्रता, डिग्री सर्टिफिकेट, ठेवींचं व्याज असं बारीकसारीक येतं. या खिशातून लाइट बिल जातं, पेपर तपासणीचं मानधन जातं, सेक्युरिटी, माळी, गाड्यांचं डिझेल, आणि तुम्ही.

आता गंमत बघा, गंमत म्हणजे वाईट अर्थानं. परीक्षा विभागातला मंजूर पदावरचा क्लार्क रिटायर झाला, त्याची जागा भरायला परवानगी आली नाही, शासनाचा तेवढा पगार वाचला. पण काम तर तेवढंच राहिलं, उलट वाढलं, म्हणून त्याच टेबलावर तुम्हाला एजन्सीतून आणून बसवलं. म्हणजे जो खर्च पहिल्या खिशातून होत होता तो गुपचूप दुसऱ्या खिशावर आला. असं एक नाही, वीस-पंचवीस टेबलांवर झालं की स्वनिधी बसतो, आणि मग त्याच स्वनिधीचं नाव सांगून तुम्हाला घरी पाठवतात. भांडण इथं आहे. विद्यापीठ आणि शासन दोघंही थोडं थोडं खरं बोलायलेत म्हणून तुम्ही मध्ये लोंबकळायलात.

त्यात आपल्या मराठवाड्याची अजून एक गोष्ट. आपल्याकडं दुष्काळ जाहीर झाला की सवलतींच्या यादीत परीक्षा शुल्क माफी असते, असायलाच पाहिजे, पोराच्या बापाच्या हातात सोयाबीनचे दहा हजार येत नाहीत तिथं फी कुठून भरणार. पण ती फी म्हणजे विद्यापीठाचं उत्पन्न आहे, शासन ती भरपाई करून देतं खरं पण ती कधी हातात पडेल त्याचा नेम नसतो, आणि दुष्काळ काय आपल्याकडं पाहुणा नाही, घरचाच आहे. ऑक्टोबर २०२३ ला शासनानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यात आपले किती होते आठवा. पुण्याच्या विद्यापीठाला ही भानगड एवढी सोसावी लागत नाही. शिवाय मोठी कॉलेजं ऑटोनॉमस झाली की परीक्षा तेच घेतात, फी त्यांच्याकडंच राहते. आणि १९९४ ला नांदेडचं विद्यापीठ वेगळं झालं तेव्हा जिल्हे वाटले गेले तशी कॉलेजंही वाटली गेली. ते व्हायलाच पाहिजे होतं, किनवटच्या पोरानं मार्कशीटच्या दुरुस्तीसाठी औरंगाबादला का जावं, तेव्हा औरंगाबादच म्हणत होतो आपण. पण उत्पन्न वाटलं गेलं आणि दोन्हीकडं परीक्षा विभाग, वित्त विभाग, गाड्या सगळं पूर्ण लागलं, हे पण खरं.

तर दारं दोन आहेत. आज कामावर परत घ्या, मुदतवाढ द्या, ही मागणी व्यवस्थापन परिषदेच्या, म्हणजे विद्यापीठाचा कारभार आणि पैसा बघणाऱ्या मंडळाच्या, दारात. तिथं शासनाच्या नावानं घोषणा देऊन उपयोग नाही, बजेटमधलं हेड, म्हणजे खर्चाचं खातं, दाखवून बोलावं लागतं. आणि मंजूर रिक्त पदं भरा, त्यात अनुभवाचा विचार करा, ही मागणी उच्च शिक्षण विभागाच्या दारात, म्हणजे सहसंचालक कार्यालय आणि मुंबई. एकाच निवेदनात दोन्ही मागण्या कोंबल्या की दोघंही ते निवेदन एकमेकांकडं ढकलतात, मी ते ढकलताना पाहिलंय.

कोर्टाचं विचारलंत तर, २००६ चा उमादेवी निकाल आहे सुप्रीम कोर्टाचा, त्याचा अर्थ ढोबळमानानं असा की भरतीची रीतसर प्रक्रिया न करता लागलेल्या कंत्राटी माणसाला कायम व्हायचा हक्क आपोआप मिळत नाही. वर्षानुवर्षं तो निकाल तोंडावर फेकला जायचा. पण डिसेंबर २०२४ ला जग्गो विरुद्ध केंद्र सरकार या प्रकरणात, केंद्रीय जल आयोगात झाडलोट आणि बागकाम करणारी माणसं होती ती, सुप्रीम कोर्टानं त्यांना परत घेऊन कायम करायला सांगितलं, आणि उमादेवीचा निकाल लोकांचे न्याय्य हक्क नाकारायला वापरू नका असंही सुनावलं. लगेच हुरळून पेढे वाटू नका, ती माणसं थेट कामावर होती, तुमच्यामध्ये एजन्सी आहे, तो मोठा फरक आहे. म्हणून आजपासून एक काम करा, अकरा वर्षांत विद्यापीठाच्या सही-शिक्क्याचा जो जो कागद तुमच्या नावाचा आहे तो गोळा करा. ओळखपत्र, परीक्षा ड्युटीचे आदेश, हजेरीचा फोटो, रजेच्या अर्जावर विभागप्रमुखाची सही, पीएफचं पासबुक. एजन्स्या तीनदा बदलल्या आणि तुम्ही त्याच खुर्चीवर होतात हे ज्या कागदावरून दिसतं तो कागद सोन्याचा. धरण्याच्या मांडवात बसल्या बसल्या हे होतं, आणि तोंडी आदेश आहे ना, तो लेखी मागा, नाही दिला तर तुम्ही रजिस्टर पोस्टानं लिहून कळवा की अमुक तारखेला आम्हाला कामावर येऊ दिलं नाही.

प्रश्न : विद्यापीठाच्या कोट्यवधींच्या एफडी आहेत आणि तरी पैसे नाहीत म्हणून कर्मचारी काढतात. हा सरळ खोटेपणा नाही का? आम्ही विद्यार्थी संघटनेतर्फे "एफडी मोडा, नोकऱ्या वाचवा" अशी घोषणा दिलीय. — पदव्युत्तर विद्यार्थी

घोषणा भारी आहे, पोस्टरवर चांगली दिसेल. पण समोरचा वित्त अधिकारी जरा तयारीचा असला ना तर पाच मिनिटांत तुमची हवा काढेल. तो म्हणेल यातली ही ठेव सुवर्णपदकांसाठी कुणीतरी आईच्या नावानं दिलेली, ही पोरांची अनामत रक्कम, ही संशोधन प्रकल्पाची, ही कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीसाठी बाजूला ठेवलेली, यातली कुठली मोडू सांगा. आणि तुम्ही गप्प.

म्हणून मोडा म्हणू नका, फोड मागा. माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवावा लागतो हे लक्षात ठेवा नाहीतर तेवढ्यावरून परत करतात. विचारायचं एवढंच की मागच्या तीन आर्थिक वर्षांच्या ३१ मार्चला किती ठेवी होत्या, त्यातल्या कुठल्या विशिष्ट हेतूसाठी बांधलेल्या आणि कुठल्या मोकळ्या, आणि व्याज कुठल्या हेडला जमा झालं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. व्याजाचा प्रश्न विसरू नका, खरी गोष्ट तिथंच सापडते, कारण मुद्दल बांधलेलं असलं तरी व्याज बऱ्याचदा मोकळं असतं आणि ते कुठं गेलं हे कुणी विचारतच नाही.

दुसरा रस्ता अधिसभेचा, म्हणजे सिनेटचा. विद्यापीठाचं बजेट बहुतेक मार्च महिन्यात अधिसभेपुढं येतं, तिथं पदवीधर गटातून, प्राध्यापकांतून, प्राचार्यांतून, संस्थाचालकांतून निवडून गेलेली माणसं बसतात. ती माणसं मतं मागायला आली होती तेव्हा त्यांच्याकडं तुमचा नंबर होता, आता त्यांचा नंबर तुम्ही शोधा. बजेटमध्ये कंत्राटी मनुष्यबळाच्या हेडला मागच्या वर्षी तरतूद किती, प्रत्यक्ष खर्च किती, यंदा किती, एवढे तीन आकडे एका ओळीत लिहून सदस्याच्या हातात द्या. भाषण लिहून देऊ नका, ते त्यांच्याकडं भरपूर असतं.

प्रश्न : मी सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशेबावर, मराठी शिकवतो, प्राध्यापकीची नेट परीक्षा झालीय, पीएचडी झालीय. यंदा वर्कलोड, म्हणजे शिकवायचे मंजूर तास, कमी झाला म्हणून निम्मे तास गेले. कायम प्राध्यापकांच्या आंदोलनात आम्हाला बोलावतात, मांडव आम्हीच टाकतो, मागण्यांच्या यादीत आम्ही नववे. जावं का? — तासिकावाला, केज

नववे म्हणजे बरंय, मी एक यादी पाहिली होती त्यात "इतर" मध्ये होते.

तुमचा खिसा कुठला ते बघा आधी. तुम्ही अनुदानित कॉलेजात मंजूर वर्कलोडवर असाल तर तुमचं मानधन शासनाचं, सहसंचालकांकडून मान्यता होऊन येणार. तिथं संस्थाचालकाला घेराव घालून तो फक्त हात वर करेल. पण विनाअनुदानित तुकडीवर असाल तर तुमचे पैसे पोरांच्या फीमधून, म्हणजे संस्थेच्याच खिशातून, मग मात्र सहसंचालक ऑफिसला जाऊन गाडीभाडं वाया. ऑर्डरवर लिहिलेलं असतं, बऱ्याच पोरांनी स्वतःची ऑर्डर नीट वाचलेली नसते. काहींकडं ऑर्डरच नसते, हे आधी मिटवा.

आता आकडे. राज्यानं २०२२ ला दर वाढवून पदवीला तासाला ९०० आणि पदव्युत्तरला १,००० केले. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, २०१९ लाच अतिथी प्राध्यापकासाठी तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं सांगितलेलं आहे. म्हणजे तुम्ही महिन्यात ३६ तास घेतले तर ३२,४०० होतात, निम्मे तास गेले तर १६,२००, आणि दिवाळी, उन्हाळा, परीक्षा हे धरून वर्षाची सरासरी काढलीत तर मोंढ्यात हमाली करणारा भाऊ तुमच्याकडं बघून चहा पाजेल. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना समान कामाला समान वेतन म्हणून कायम लोकांच्या सुरुवातीच्या मूळ वेतनाएवढं द्या असा निकाल दिलाय, ते तिथं ३०,००० वर शिकवत होते. तो निकाल तसाच्या तसा तुम्हाला लागू होणार नाही, ते पूर्ण वेळ काम करत होते आणि तुमची नेमणूक कागदावर तासांची आहे. पण कागदावर तासांची आणि प्रत्यक्षात कॉलेजच्या मूल्यांकनाची, म्हणजे नॅकची, फाइल, एनएसएसचं शिबिर, परीक्षेची ड्युटी, प्रवेशाच्या काळात गावोगाव फिरून पोरं गोळा करणं, हे सगळं तुम्ही करता ना? मग त्याच्या नोंदी ठेवा, प्राचार्यांच्या सहीचे आदेश जपा.

जावं का? जा. पण मांडव टाकायच्या आधी यादी बघायला मागा, आणि तीन नंबरच्या खाली असाल तर सतरंज्या त्यांना उचलू द्या.

प्रश्न : कर्मचाऱ्यांचा संप, मग परीक्षा पुढं, मग निकाल पुढं. पोराचं वर्ष गेलं तर कोण भरून देणार? यांना पगार तर चालूच असतो. — एक शेतकरी पालक, घनसावंगी

तुमचा राग खोटा नाही दादा. २०१३ ला प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता, फेब्रुवारीपासून मे पर्यंत चालला तो. फेब्रुवारी २०२३ ला शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी तेच केलं, विद्यापीठांना पेपर पुढं ढकलावे लागले. पोरांचे हाल झाले हे कुणी नाकारू नये.

पण पगार चालू असतो हे बरोबर नाही. २०१३ च्या बहिष्कारात प्राध्यापकांचा ७१ दिवसांचा पगार अडकवला होता आणि त्यासाठी नंतर हायकोर्टापर्यंत जावं लागलं. आणि ज्यांच्याबद्दल हा अंक चाललाय त्या कंत्राटी लोकांना तर एक दिवस आला नाही की त्या दिवसाचे पैसे नाहीत, पोराच्या फीचा हप्ता त्यांनाही आहे, त्यांच्यातले निम्मे तर तुमच्यासारख्याच घरातले, अर्धा भाऊ शेतात आणि अर्धा इथं. एक मात्र मी संघटनावाल्यांना तोंडावर सांगत आलोय की परीक्षा आणि मार्कशीट सोडून बाकी काय पाहिजे ते बंद पाडा. गेस्ट हाऊस बंद पाडा, गाड्या बंद पाडा, साहेबाची फाइल फिरवणं बंद करा, दोन दिवसांत बोलावणं येतं की नाही बघा. ते ऐकत नाहीत, कारण परीक्षा अडवली की पेपरात येतं.

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडकडे एमएस्सीला गेलाय, कार्डिफला. बँकेचं कर्ज आहे, घर तारण आहे. तिकडं पण विद्यापीठं माणसं काढायलेत असं तो म्हणतो. एवढ्या श्रीमंत देशात असं कसं? डिग्री मिळेल ना? — एक आई, लातूर

ताई, आधी कर्जाच्या भीतीचं सांगतो, डिग्रीला तसा धोका नाही, शांत व्हा. चालू कोर्समधल्या पोरांचं शिक्षण पूर्ण करून द्यायची जबाबदारी विद्यापीठावर असते, कोर्स पुढं बंद होणार असला तरी.

आणि कार्डिफ इंग्लंडात नाही, वेल्समध्ये आहे, मुलगा फोनवर दुरुस्त करेलच. जानेवारी २०२५ मध्ये त्या विद्यापीठानं ४०० जागा कमी करायचा प्रस्ताव आणला, नर्सिंग, संगीत, परकीय भाषा असे विभाग त्यात होते, प्राध्यापकांची युनियन उठली, आणि मे पर्यंत नर्सिंग वाचलं आणि त्या वर्षी सक्तीनं कुणाला काढणार नाही असं मान्य करावं लागलं. स्कॉटलंडात डंडीला तर त्याहून वाईट, साडेतीन कोटी पौंडांची तूट निघाली, कुलगुरूंना पायउतार व्हावं लागलं, ६३२ जागा कमी करायचा प्रस्ताव आला, शेवटी तिथल्या सरकारला पैसे घेऊन धावावं लागलं.

कसं झालं म्हणता, तर परत खिशाचीच गोष्ट. तिथं आपल्यासारखं पगाराचं अनुदान नाही, पोरांच्या फीवर बराचसा संसार. इंग्लंडच्या स्वतःच्या पोरांची फी सरकारनं बांधून दिलेली, २०१७ पासून ९,२५० पौंड, महागाई वाढत गेली आणि फी तिथंच, २०२५ ला कुठं ९,५३५ केली. मग तूट भरायची कुणाच्या जिवावर, तर परदेशी पोरांच्या, त्यांच्या फीला अशी मर्यादा नाही. म्हणजे लातूरचं घर तारण ठेवून आलेल्या पैशावर तिथल्या पोरांचा वर्ग चालतो, हे ऐकून तुम्हाला हसावं की रडावं कळणार नाही. जानेवारी २०२४ पासून मास्टर्सच्या बहुतेक पोरांना बायको-मुलं सोबत न्यायला बंदी झाली, परदेशी पोरं घटली, आणि हिशेब कोसळला.

मुलाला सांगा की त्याच्या विभागाला ईमेल करून एवढंच विचार, माझा प्रोजेक्ट गाइड शेवटपर्यंत आहे का, नसला तर पर्याय कोण. उत्तर लेखी ठेव. आणि तिथल्या मास्तरांचा संप असला तर त्यांच्यावर चिडू नको, त्यांच्या जागा वाचल्या तर त्याचाच अभ्यास नीट होणार आहे.

प्रश्न : मी होस्टेलच्या मेसमध्ये चौदा वर्षं स्वयंपाक केला. ठेकेदार चार बदलले, मी तीच. आता मेस बंद, घरी जा म्हणाले. काहीच मिळणार नाही का? — (पत्र मुलीनं लिहून पाठवलंय)

मिळतं मावशी. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग नोकरी लागते, तुमची चौदा. हिशेब असा, शेवटचा पगार मूळ आणि महागाई धरून १२,००० असला तर त्याला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं, मग चौदा वर्षांनी गुणायचं. ९६,९२३ रुपये होतात. ठेकेदार म्हणेल माझ्याकडं तर तुम्ही तीनच वर्षं होतात, म्हणणारच. म्हणून अर्जात ठेकेदार आणि मूळ संस्था दोघांची नावं घाला, आणि सगळ्या ठेकेदारांच्या काळात तुम्ही तिथंच होतात याला त्या त्या वर्षीच्या पोरांचीच साक्ष घ्या, त्यातला एखादा आता तहसीलदार नाहीतर पीएसआय झालेला असेल, तुमच्या हातची भाकरी विसरलेला नसेल. तीस दिवसांत अर्ज द्या, उशीर झाला तरी हक्क जात नाही पण द्या. कामगार कार्यालयात जाताना मुलीला सोबत न्या. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्यात, कायद्याचं नाव बदललं म्हणून कुणी परत पाठवलं तर परत येऊ नका, हक्क तोच आहे. पीएफ कापला होता का तेही बघा, बऱ्याच बायकांना माहीतच नसतं की खातं आहे.

प्रश्न : गेटसमोर बसायला परवानगी लागते का?

पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश आपल्या जिल्ह्यांत वर्षातला बराच काळ लागूच असतो, त्यामुळं न कळवता पाच माणसं जमली तरी गुन्हा दाखल व्हायला निमित्त मिळतं. लाउडस्पीकरचं वेगळं.

प्रश्न : आम्ही १९७४ ला मराठवाडा विकास आंदोलनात होतो, वसमतला गोळीबार झाला, पोरं गेली. आताची आंदोलनं म्हणजे फोटो काढून घरी. — एक जुने कार्यकर्ते, परभणी

काका, नमस्कार. तुमचं म्हणणं छापलं. तेव्हाही भांडण बरंचसं नोकऱ्यांचंच होतं, इथल्या संस्थांत इथल्या पोरांना जागा का नाहीत याचं, हे आताच्या पोरांना तुम्हीच येऊन सांगा, गेटवर सतरंजी टाकलेलीच आहे. फोटो काढणाऱ्या पोरांचं मला एवढं वाईट वाटत नाही. सप्टेंबर २०२३ ला शासनानं एजन्स्यांमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला होता, पोरांनी मोबाइलवरूनच एवढा धुरळा उडवला की पुढच्याच महिन्यात तो रद्द करावा लागला. आणि अनुशेष, म्हणजे मागास भागाची विकासातली थकबाकी, म्हणाल तर ती मोजणाऱ्या दांडेकर समितीपासून ऐकतोय, १९९४ ला वैधानिक विकास मंडळ आलं, एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. तेव्हा एकही मोर्चा निघालेला मला आठवत नाही, लॉकडाऊन होता हे मान्य, पण नंतर तर नव्हता.

प्रश्न : तुम्ही स्वतः आयुष्यभर लेखा विभागात बसून लोकांची बिलं अडवली आणि आता पेपरात बसून कामगारांचे कैवारी झालात. लाज वाटत नाही का? — नाव लिहिलेलं नाही

पत्र निनावी आहे पण अक्षर ओळखीचं वाटलं, असो.

बिलं अडवली हे खरं आहे. एक सांगतो, कुठल्या संस्थेत ते विचारू नका. बरीच वर्षं झाली, चार डेटा एन्ट्रीवाल्या पोरांच्या मुदतवाढीची फाइल माझ्या टेबलवर आली. हेडला पैसे शिल्लक नव्हते, मी लिहिलं "तरतूद उपलब्ध नाही", सही केली, फाइल वर गेली आणि पोरं घरी गेली. त्याच आठवड्यात गेस्ट हाऊसच्या सोफ्यांचं आणि पडद्यांचं बिल माझ्यापुढं आलं, त्या हेडला पैसे होते, नियमात बसत होतं, तेही मी पास केलं. एका हेडचा पैसा दुसऱ्या हेडला वळवायचा प्रस्ताव करता आला असता. पुनर्विनियोजन म्हणतात त्याला, अर्ध्या पानाची टिपणी लागते, वरून मंजूर झाली असती की नाही देव जाणे, पण मी लिहिली नाही. कुणी सांगितलं नव्हतं ना लिहायला.

त्या चौघांपैकी एकाचं आता बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. या सदरासाठी आलेली पत्रं मी त्याच्याकडूनच झेरॉक्स करून घेतो, डोळ्यांना मोठं अक्षर लागतं आता. पानाचे दोन रुपये, तो मोजून घेतो, सुट्टे परत देतो. या वेळची पत्रं जास्त होती, मशीनमधून निघताना त्यानं वरचं एक वाचलं, मेसवाल्या मावशींचं होतं ते, आणि मला म्हणाला, "सर, याचं उत्तर देणारंय का?" मी हो म्हणालो. त्या पानाचे त्यानं घेतले नाहीत.